घोडं कुठं अडलं?

मुलांनो, आज तुम्हांला घेऊन जायचंय अकोल्यातल्या एका शाळेच्या ऑफिसात. शाळेचं नाव सांगत नाही, कारण तिथं त्या दिवशी जी पंचाईत झाली, ती कुठल्याही शाळेत, बँकेत किंवा तुमच्या आईच्या कचेरीत होऊ शकते. झालीही असेल!

गेल्या जुलैतली गोष्ट. दुपारचे साडेतीन वाजलेले. बाहेर पावसाची रिपरिप. मी भाचीचं बोनाफाईड सर्टिफिकेट न्यायला गेलो होतो. ऑफिसात पाहतो तर ही गर्दी! बाबूजी टेबलामागे, त्यांच्या शेजारी शिपाई मामा, विज्ञानाचे सर कमरेवर हात ठेवून उभे, दारात दोन-तीन मुलं. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, कोपऱ्यातल्या स्टुलावर ठेवलेल्या प्रिंटरकडे.

प्रिंटरच्या कपाळावर काडेपेटीएवढी खिडकी असते ना, तिच्यात एकच शब्द दिसत होता. 'इनिशियलायझिंग'. म्हणजे काय, तर 'तयार होतोय'. लग्नघरात एखादी आत्या 'आलेच हं, आलेच' म्हणत आत साडीच नेसत बसते आणि बाहेर वऱ्हाडाची गाडी खोळंबते, अगदी तस्सं! दुपारी अडीचपासून हा गडी तयार होत होता, आणि तयार काही होत नव्हता.

तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय? उद्या छापू. पण बाकावर बसलेल्या दोघांना तुम्ही पाहिलं असतंत, तर असं म्हणाला नसता. नुकतीच दहावी झालेली एक मुलगी आणि तिचे वडील. वडिलांच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. मुलीचा अमरावतीला तंत्रनिकेतनात नंबर लागला होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मूळ कागद घेऊन तिथं हजर व्हायचं होतं, आणि त्या कागदांत एक कमी होता. शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे आपली टी.सी. त्यांचं गाव बार्शीटाकळीच्याही पुढं, आत. गावाला जाणारी शेवटची गाडी साडेपाचला.

"बाबूजी, हातानंच लिहून द्या ना जी," वडील म्हणाले.

"लिहून देलं असतं भाऊ. पण नोंद सारी कॉम्प्युटरात हाय, नंबरबी तोच टाकते. हातानं लिहिलेला तिकडं घेतला नाई, तं तुमाले पुन्हा यावं लागन."

"मंग समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणू?"

"कागद नंबरी हाये ना. मोजून ठेवलेले. शाळेच्या बाहेर नेता येत नाई."

वडील गप्प बसले. मुलगी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती. मग प्रिंटरकडे. मग पुन्हा घड्याळाकडे.

आणि मग आपल्याकडे नेहमी जे होतं, तेच झालं. प्रत्येकाला इलाज ठाऊक! मामांनी प्रिंटरच्या पाठीत दोन थापा मारल्या. (त्यांच्या घरचा रेडिओ म्हणे असाच सुरू होतो.) सरांनी काळ्या पावडरीचं काट्रिज बाहेर काढलं, पाळण्यासारखं हलवलं आणि पुन्हा बसवलं. दोन्ही इलाज फुकट गेले. आता तुमचा हा लेखकमित्र मागे राहतो की काय? मी म्हटलं, "व्होल्टेज कमी असणार." माझं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं, बरं का. लेझर प्रिंटरच्या पोटात एक तापणारा रूळ असतो. तो तापताना एकदम खूप वीज ओढतो. म्हणून असा प्रिंटर इन्व्हर्टरवर, यूपीएसवर किंवा दहा वस्तू लावलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नये, थेट भिंतीच्या सॉकेटला लावावा. इथं तर एकाच बोर्डावर प्रिंटर, कॉम्प्युटर, मोबाईलचा चार्जर आणि चहाची किटली! मी मोठ्या ऐटीत प्लग काढला, भिंतीत लावला, बटण दाबलं.

'इनिशियलायझिंग'.

मी पण बाकावर जाऊन बसलो. तोवर प्रिंटर बंद-चालू, बंद-चालू करून झाला होता नऊ वेळा. मी मोजलं.

चार वाजून वीस मिनिटांनी दुरुस्तीवाला दादा आला. मोटरसायकलवरून भिजतच आलेला, विशीतला पोरगा, पाठीला सॅक. त्यानं आल्या आल्या काय केलं असेल, सांगा पाहू! पेचकस काढला? छे. प्रिंटर बंद केला आणि नुसता उभा राहिला. एक मिनिट. दोन मिनिटं. मग म्हणाला, "बाबूजी, पंखा बंद करा बरं जरा. आन् कोणी बोलू नका."

पंखा थांबला. दादानं प्रिंटरचं बटण दाबलं आणि डोळे मिटून कान लावला, डॉक्टर छातीला लावतात तसा.

तो काय ऐकत होता, ते आता सांगतो. तुमच्या शाळेत, ऑफिसात असा प्रिंटर असेल तर तुम्हीही एकदा ऐका.

यंत्र बटण दाबल्याबरोबर तयार होत नसतं. आपल्या मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी छोटी गाडी, 'शकुंतला', तिचं नाव घरच्या मोठ्या माणसांना विचारा. १९९४ सालापर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. (आता ती गाडी बंद आहे.) वाफेचं इंजिन सकाळी सुटायचं तर कितीतरी आधी भट्टी पेटवावी लागते, पाणी तापायचं, वाफेचा दाब चढायचा, मग कुठं चाक हलायचं. प्रिंटरचंही तसंच असतं, फक्त सगळं एखाद-दोन मिनिटांत उरकतं. त्या एखाद-दोन मिनिटांत तो स्वतःलाच एकामागून एक प्रश्न विचारतो. एकाचं उत्तर 'हो' आलं तरच पुढचा प्रश्न. 'नाही' आलं, किंवा उत्तरच आलं नाही, की तिथंच थांबतो.

पहिला आवाज 'टक्'. घरातली २३० व्होल्टची वीज प्रिंटर जशीच्या तशी वापरत नाही. तिची एक बारीक धार मोटारींसाठी, बहुतेक २४ व्होल्टची, आणि त्याहून बारीक धार मेंदूसाठी, ५ व्होल्ट किंवा त्याहूनही कमी. मेंदू म्हणजे हिरव्या पाटीवरच्या चिपा. त्या जाग्या होतात, आपला कार्यक्रम वाचतात, स्मरणशक्ती जागेवर आहे का ते तपासतात. हे काम मुकाट्यानं चालतं. आवाज नाही, फक्त खिडकी उजळते.

मग 'घर्रर्र'. कागद ओढणारे रूळ फिरू लागतात. पोटात कुठं कागद तर अडकला नाही ना, हे इथं पाहिलं जातं. वाटेवर प्लास्टिकच्या छोट्या छोट्या पट्ट्या असतात. कागद आला की पट्टी उचलली जाते आणि प्रिंटरला कळतं. गंमत अशी, की नखाएवढा फाटका तुकडा एखाद्या पट्टीखाली राहिला, तरी प्रिंटरला वाटतं आख्खा कागद अडकलाय, आणि तो रुसून बसतो!

मग बारीक शिटीसारखा 'सूंऽऽऽ'. हा आवाज मला फार आवडतो. आत एक बहुकोनी आरसा असतो, आणि तो मिनिटाला हजारो फेरे घेतो. लेझरचा किरण त्या आरशावर पडून शेजारच्या नळकांड्यावर सरासर रेघा ओढतो. त्या रेघा विजेच्या असतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या. त्यांना काळी पावडर चिकटते, पावडर कागदावर उतरते, आणि झाली तुमची टी.सी.!

या कल्पनेचं मूळ कुठं आहे ठाऊक आहे? एका रुमालात. अमेरिकेत चेस्टर कार्लसन नावाचे गृहस्थ एका कंपनीच्या पेटंट विभागात काम करायचे. कागदांच्या नकला करून करून त्यांचे हात दुखायचे. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागातल्या एका खोलीत त्यांनी आणि ऑटो कॉर्नाय या सहकाऱ्यानं गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा घेतला आणि तो सुती रुमालानं घासला. आपण डोक्यावर फणी घासून कागदाचे कपटे उचलतो ना, तीच वीज! मग काचेवर लिहिलेली अक्षरं प्रकाशानं त्याच्यावर पाडली, वरून बारीक भुकटी भुरभुरली, आणि अक्षरं उमटली. काय अक्षरं? तर त्या दिवसाची तारीख आणि 'अ‍ॅस्टोरिया'. कापूस पिकवणाऱ्या आपल्या वऱ्हाडातल्या मुलांनी हा सुती रुमाल विसरू नये, असं मला उगीचच वाटतं. विसाहून अधिक कंपन्यांनी कार्लसनना 'नको' म्हटलं होतं. हाती लागलेल्या एका कंपनीनं पुढं १९५९ साली '९१४' नावाचं यंत्र बाजारात आणलं, आणि त्या कंपनीचं नाव आपण आजही दुकानाच्या पाटीवर वाचतो. झेरॉक्स!

त्या ९१४ ची एक मजा शेवटच्या आवाजाशी जोडलेली आहे. शेवटचा आवाज जवळजवळ नसतोच. येते ती ऊब आणि किंचित जळका वास. पावडर कागदावर नुसती भुरभुरलेली असते, फुंकर मारली तर उडेल. ती खरं तर बारीक दळलेलं प्लास्टिक. तिला वितळवून कागदात मुरवायला तो तापलेला रूळ हवा. त्याला म्हणतात फ्यूजर. दोनशे अंशांच्या आसपास तापतो हा पठ्ठ्या! ९१४ मध्ये कागद अडकला तर तो कधी कधी चक्क पेट घ्यायचा. म्हणून कंपनी यंत्राबरोबर आग विझवायचं एक छोटं नळकांडंही द्यायची. त्याला 'आग विझवायचं' म्हटलं तर गिऱ्हाईक घाबरेल, म्हणून त्याचं नाव ठेवलं होतं 'करपणं घालवणारं'! आजचे प्रिंटर फ्यूजरचं तापमान सतत मोजतात. फार तापला किंवा वेळेत तापला नाही, तर काम पुढं जाऊच देत नाहीत.

(आईबाबा, एवढ्यासाठी हे वाक्य तुमच्यासाठी: फ्यूजरपाशी मुलांनी बोट घालायचं नाही, प्रिंटर बंद करून बराच वेळ झाल्याशिवाय तुम्हीही घालू नका. आणि काळी पावडर कपड्यावर सांडली तर गरम पाण्यानं धुवायची नाही. ती वितळून कायमची बसते. आधी झटका, मग गार पाणी.)

तर, दादानं हे सगळे आवाज ऐकले. टक्, घर्रर्र, सूंऽऽ, मग ऊब. खिडकीतली रेघ हळूहळू भरत गेली, अगदी काठापर्यंत आली आणि थांबली. दादानं डोळे उघडले.

"अंग ठीक हाय याचं," तो म्हणाला. "आवाज सारे आले. अडते ते एकतर डोक्यात, नाईतं दारात."

काही प्रिंटर या वेळी स्वतःच आकडा दाखवून आपलं दुखणं सांगतात. एचपी कंपनीच्या लेझरजेटवर १३ नं सुरू होणारा आकडा आला की कागद अडकला, ५० आला की फ्यूजर, ५२ आला की फिरता आरसा. ४९ आला तर मामला निराळा. तो बहुतेक वेळा आतल्या कुठल्या भागाचा नसतो, छापायला आलेल्या एखाद्या फाईलचा असतो. पण आपला प्रिंटर आकडा-बिकडा काही सांगत नव्हता. नुसता 'तयार होतोय'. मुकं दुखणं! आजारी बाळाचं असतं तसं.

प्रिंटरनं आपलं दुखणं सांगावं की नाही, यावरून केवढं रामायण झालंय ते थोडक्यात सांगतो. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण होता. तिथल्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की वाट पाहणाऱ्या सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर निरोप जाईल, अशी सोय त्यानं स्वतः प्रोग्राम लिहून केली होती. नवा प्रिंटर आला तेव्हा त्याचा मूळ प्रोग्राम त्याला कोणी दाखवेना. जिने चढून जावं, तर कागद आपला अडकलेलाच! असल्या अनुभवांनी तो इतका वैतागला, की १९८३ साली त्यानं सगळ्यांना उघडून पाहता येतील, बदलता येतील असे प्रोग्राम लिहायची मोहीमच जाहीर केली. त्या मोहिमेतून निघालेले प्रोग्राम आज जगभरच्या कॉम्प्युटरांत आहेत.

असो. आपण ऑफिसात जाऊ. घड्याळात चार चाळीस झाले होते.

दादा प्रिंटरच्या मागे गेला आणि एक निळी वायर उपसून काढली. नेटवर्कची केबल. शाळेतले सगळे कॉम्प्युटर याच वायरीनं प्रिंटरला जोडलेले. त्यानं पुन्हा बटण दाबलं. टक्. घर्रर्र. सूंऽऽ. रेघ भरत गेली, काठाशी आली... आणि शब्द बदलला!

'रेडी'.

"झालं बाप्पा!" मामा ओरडले. मुलगी उभीच राहिली. बाबूजींनी कपाटातून नंबरी कागद काढला. सर म्हणाले, "लाव वायर लवकर."

"थांबा सर," दादा म्हणाला. "वायर लावली का पुन्हा तसाच मरन."

असं का? ते पाहू. अकोल्याच्या बसस्टँडवर सणासुदीला गाडी लागते तेव्हा काय होतं? गाडी थांबायच्या आत लोक दाराशी. आतले उतरले नाहीत, तोच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे वेगळेच! ड्रायव्हर, कंडक्टर, सगळे अडकले. प्रिंटरचं हेच झालं होतं. कॉम्प्युटरात छपाईची एक रांग असते. प्रिंटर बंद असला तरी रांग मोडत नाही, वाट पाहत उभी राहते. प्रिंटर उठतो, तयारीच्या अगदी शेवटी नेटवर्कचं दार उघडतो. दार किलकिलं झालं रे झालं, की रांगेतली पहिली फाईल आत घुसते. ती जर फार मोठी किंवा बिघडलेली असेल, तर प्रिंटर 'रेडी' म्हणायच्या आतच गुदमरतो. तुम्ही तो बंद करून चालू करता. रांग तिथंच! पुन्हा घुसते, पुन्हा गुदमरतो. नऊ वेळा करा, नाहीतर नव्वद वेळा.

दादानं वळून विचारलं, "बंद पडायच्या आधी शेवटचं कोणी काय छापायले देलं होतं?"

बाबूजी म्हणाले, मी नाही. सर म्हणाले, मी तर वर्गावर होतो. मामा तर कॉम्प्युटरला हातच लावत नाहीत. कोणी बोलेना. दादानं पुन्हा विचारलं, तेवढ्याच हळू आवाजात. तेव्हा दाराशी उभ्या मुलांतला एक, नववीतला असेल, पाय घासत पुढं आला. चेहरा असा, की आता रडतो की मग रडतो.

"सर... मी."

सरांचा पारा चढला. "अडीचपासून इथं उभा आहेस ना तू? आणि मूग गिळून बसलास? ती पोरगी बिचारी..."

दादानं हात वर केला. सरांसमोर हात वर करणं सोपं नसतं बरं का, तो त्याच शाळेत शिकलेला होता! पण सर थांबले. दादा मुलाजवळ जाऊन उकिडवा बसला. "काय काय केलं, ते पयल्यापासून सांग. एकेक करून सांग."

आणि मुलगा सांगू लागला. प्रकल्पासाठी कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचा तक्ता केला होता. कॉम्प्युटरच्या खोलीत, खिडकीकडच्या कॉम्प्युटरवर. मोठे मोठे चार फोटो एकाच पानावर चिकटवले होते. छपाईचं बटण दाबलं. काही आलं नाही. पुन्हा दाबलं. मग पुन्हा. मग प्रिंटरचा दिवा लुकलुकायला लागला. मग कोणीतरी प्रिंटर बंद करून चालू केला, तेव्हापासून तो शब्द.

"किती वेळा दाबलं?"

"सतरा."

कोणी हसलं नाही. मला मात्र माझे स्वतःचे दिवस आठवले. लिफ्टचं बटण मी अजूनही तीनदा दाबतो.

पाहिलंत का, दोन तास आम्ही मोठी माणसं थापा मारत होतो, काट्रिज हलवत होतो, प्लग बदलत होतो. आणि कुठलं घोडं कुठं अडलंय, हे ज्याला ठाऊक होतं तो पाच फुटांवर उभा होता. तो का बोलला नाही, हे मी त्याला विचारलं नाही. सरांचा चढलेला पारा मी पाहिला होता.

पुढचं काम पाच-सात मिनिटांचं. खिडकीकडच्या कॉम्प्युटरवर रांग उघडली. सतरा बोंडअळ्या ओळीनं उभ्या! दादानं सगळ्या पुसून टाकल्या. पहिली काही जाईना, 'पुसतोय, पुसतोय' म्हणत बसली. (ही पण आत्याच!) तेव्हा त्यानं कॉम्प्युटरच बंद करून सुरू केला आणि रांग रिकामी झाल्याची खात्री केली. मगच निळी वायर प्रिंटरच्या पाठीत बसवली. आम्ही सगळे खिडकीकडे टक लावून.

'रेडी'. आणि तसाच राहिला.

पाच वाजून तीन मिनिटांनी दाखला बाहेर आला, गरम गरम, भाकरीसारखा. बाबूजींनी नोंदवहीत नंबर टाकला, मामा धावतच मुख्याध्यापक बाईंकडे सही घ्यायला गेले, शिक्का बसला. वडिलांनी कागद पिशवीत, पिशवी शर्टाच्या आत. "येतो जी," एवढंच म्हणाले. मुलगी दारापाशी पोचली, मागं वळली आणि त्या नववीतल्या मुलाला म्हणाली, "तुह्या अळीचा फोटो छाप आता." आणि दोघं पावसात पळाली.

गर्दी पांगल्यावर मी दादाला चहा पाजला. विचारलं, "वायर काढूनही चालू झाला नसता, तर?" तो म्हणाला, मग बाहेरून जोडलेलं जे जे असेल ते काढलं असतं. पेन ड्राईव्ह, जास्तीचा ट्रे, जादा मेमरी. सगळं एकदम नाही. एक वस्तू काढायची, चालू करून पाहायचं, मग दुसरी. एकदम चार काढल्या आणि चालू झाला, तर चौघींत चोर कोण ते कळणार कसं? मग प्रिंटरच्या सगळ्या सेटिंग कारखान्यातून आल्या तशा केल्या असत्या. तेही नाही, तर हिरवी पाटी बाहेर काढून पुन्हा नीट बसवली असती, कारण पावसाळ्याच्या ओलीनं तिच्या टोकांवर काट चढते. आणि पैसे लागणारं काम सगळ्यांत शेवटी. "लोक पयलेच नवा पार्ट मागवतात ना काका," तो म्हणाला. 'काका' म्हटल्याचं मला जरा वाईट वाटलं, पण ते राहू द्या. मी त्याला माझ्या व्होल्टेजबद्दल विचारलं. तो म्हणाला, तुम्ही प्लग भिंतीत लावला ते चांगलंच केलं, त्याचा फ्यूजर जास्त दिवस टिकेल. तेवढाच मला दिलासा!

घरी आलो आणि दारातच भाचीनं विचारलं, "मामा, माझं बोनाफाईड?"

विसरलो होतो. साफ विसरलो होतो! दोन दिवसांनी पुन्हा त्याच ऑफिसात जावं लागलं. बाबूजींनी सांगितलं, त्या मुलीच्या वडिलांचा फोन येऊन गेला, अमरावतीचा प्रवेश पक्का झाला. माझं बोनाफाईड छापून झालं तेव्हा माझं लक्ष भिंतीकडे गेलं. तिथं एक कागद चिकटवला होता, 'छपाईचं बटण एकदाच दाबावे, न आल्यास बाबूजींना सांगावे'. अक्षर नववीतल्या मुलाचं. आणि त्याच्या शेजारी गुलाबी बोंडअळीचा तक्ता, झकास छापलेला. फक्त अळी गुलाबी नव्हती. प्रिंटर काळ्या शाईचाच ना!